माध्यमिक शिक्षक व्हायचे असेल तर मायनर विषय कसा निवडावा?
(पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी माहितीपत्रक)

नवीन शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली असून, मेजर (मुख्य) विषयासोबत एक मायनर (दुय्यम) विषय घेणे आता प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमप्राप्त झाले आहे. आमच्या कार्यालयात येणाऱ्या पालकांपैकी अनेकांचा समज असा असतो, की मुलाने किंवा मुलीने ‘शिक्षणशास्त्र’ हा मायनर घेतला म्हणजे हायस्कूलमध्ये नोकरी करण्याची पात्रता हाती आली. हा समज चुकीचा आहे. मायनर कोणताही असला, तरी नववी-दहावीला शिकवण्यासाठी बी.एड. करावेच लागते. मात्र बी.एड.ला कोणती अध्यापन पद्धती (म्हणजे कोणता शालेय विषय शिकवण्याचे प्रशिक्षण) मिळेल आणि पुढे कोणत्या रिक्त पदासाठी अर्ज करता येईल, हे ठरण्यात मायनरचा वाटा मोठा आहे आणि म्हणूनच ही निवड मित्रांनी काय घेतले किंवा कोणत्या वर्गाचे वेळापत्रक सोयीचे आहे, एवढ्यावर सोडू नये.

तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ क्रेडिट असतात आणि त्यांपैकी १८ ते २० क्रेडिट मायनरचे असतात. व्याख्यानाचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास, असा हिशेब धरला तर मायनरचा अभ्यास पदवीभरात सुमारे तीनशे तासांचा होतो. शाळेतील विषय आत्मविश्वासाने शिकवण्यासाठी हा पाया पुरेसा ठरू शकतो, पण तो विषय शाळेत शिकवला जात असेल तरच. शिक्षणशास्त्र हा नववी-दहावीच्या वेळापत्रकातला विषय नाही. तो मायनर म्हणून घेतल्यास बी.एड.च्या पहिल्या वर्षातील मानसशास्त्र, मूल्यमापन यांसारखे घटक ओळखीचे वाटतात आणि प्रवेश परीक्षेतील अध्यापन अभियोग्यतेच्या प्रश्नांनाही थोडा आधार मिळतो, हे खरे. तरीही दुसरी अध्यापन पद्धती म्हणून दाखवता येईल असा शालेय विषय त्यामुळे हाती लागत नाही. ज्यांचे उद्दिष्ट निश्चितपणे माध्यमिक शाळा हेच आहे, त्यांना आम्ही सामान्यतः हा मायनर सुचवत नाही.

दहावीची पाठ्यपुस्तके समोर ठेवून विषय निवडा

शाळेतला शिक्षक एकाच विषयाच्या एकाच शाखेत राहत नाही, हे महाविद्यालयात असताना लक्षात येत नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या सामाजिक शास्त्रांत इतिहास व राज्यशास्त्र ४० गुणांचे आणि भूगोल ४० गुणांचा असतो. बहुतेक शाळांत हे दोन्ही एकाच शिक्षकाकडे असतात, कारण संचमान्यतेत (शाळेला पदे मंजूर करण्याच्या शासकीय प्रक्रियेत) शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात आणि लहान शाळेला प्रत्येक उपविषयासाठी वेगळा शिक्षक मिळत नाही. इतिहास मेजर घेतलेल्या विद्यार्थिनीने भूगोल मायनर घेतला, तर नकाशावाचन, हवामान, लोकसंख्या हे भाग तिने पदवीच्या पातळीवर अभ्यासलेले असतात आणि मुख्याध्यापकांनी दोन्ही पुस्तके हातात ठेवली, तरी तिची धांदल उडत नाही. तिने त्याऐवजी केवळ आवड म्हणून एखादा अशालेय विषय मायनर म्हणून घेतला असेल, तर दहावीचा भूगोल तिला स्वतःच्या दहावीच्या आठवणींवर शिकवावा लागतो.

विज्ञान शाखेत ही गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विषयाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम, प्रकाशाचे अपवर्तन, धातुविज्ञान असे घटक आहेत, म्हणजे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे राज्य. दुसऱ्या भागात आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र यांचा भरणा आहे. भौतिकशास्त्र मेजर असलेल्या विद्यार्थ्याला पहिला भाग सहज जमतो आणि दुसऱ्या भागापाशी मात्र तो अडखळतो. गणित-विज्ञान ही जोडी शाळांत सर्वाधिक प्रचलित असल्यामुळे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने गणित मायनर घेणे राज्यातील शाळांसाठी सर्वांत व्यवहार्य, असे आमचे मत आहे. रसायनशास्त्र मेजर असेल, तर वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेतल्यास दोन्ही भाग बऱ्यापैकी हाताखाली येतात. गणित मेजर असलेल्यांना संख्याशास्त्राचा मायनर उपयोगी पडतो, कारण दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यता आणि सांख्यिकी ही दोन्ही प्रकरणे आहेत. त्याच पुस्तकात अर्थनियोजन या प्रकरणात वस्तू व सेवा कर, शेअर्स, म्युच्युअल फंड यांची गणिते आहेत आणि गणिताचे नवे शिक्षक अवघड भूमितीपेक्षा याच प्रकरणाला अधिक बिचकतात.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी मराठीबरोबर हिंदी किंवा संस्कृत, अथवा इंग्रजीबरोबर मराठी अशी जोडी घ्यावी. यात फारसे सांगण्यासारखे नाही, कारण शाळांना दोन भाषा शिकवणारा शिक्षक नेहमीच हवा असतो.

केंद्रीय विद्यालयांकडे नजर असेल तर

केंद्रीय विद्यालयांतील प्रशिक्षित पदवीधर शिक्षक सहावी ते दहावीला शिकवतात आणि तेथील भरती नियम पदवीच्या विषयांबाबत फार काटेकोर आहेत. सामाजिक शास्त्राच्या पदासाठी इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय पदवीला असावे लागतात व त्यांतील एक इतिहास किंवा भूगोल असावाच लागतो. विज्ञानाच्या पदासाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र असे विषय आजवरच्या जाहिरातींत मागितले गेले आहेत, म्हणजे भौतिकशास्त्राचा उत्तम पदवीधर विज्ञानाच्या पदाला अपात्र ठरतो, आणि हे वाचून पालक दर वेळी चकित होतात. अर्थशास्त्र मेजर असलेल्या विद्यार्थ्याने समाजशास्त्र मायनर घेतला, तर सामाजिक शास्त्राच्या पदाचा दरवाजा त्याच्यासाठी बंद होतो. इतिहास किंवा भूगोल मायनर घेतला, तर तो उघडा राहतो. विषय केवळ एका सत्रापुरता नव्हे, तर पदवीच्या एकाहून अधिक वर्षांत अभ्यासलेला असणे अपेक्षित असते, म्हणून मध्येच मायनर बदलण्यापूर्वी दोनदा विचार करावा. या पदांसाठी केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचा म्हणजे सी.टी.ई.टी.चा दुसरा पेपर उत्तीर्ण असणेही आवश्यक असते.

पदवीनंतरचा मार्ग

महाराष्ट्रात बी.एड. प्रवेशासाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची सी.ई.टी. द्यावी लागते. नव्वद मिनिटांत शंभर बहुपर्यायी प्रश्न असे तिचे स्वरूप असून बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि अध्यापन अभियोग्यता हे तिचे घटक आहेत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात व राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत असते. तृतीय वर्षाच्या शेवटच्या सत्रात असतानाच ही परीक्षा देता येते, परंतु अर्ज भरण्याची मुदत पदवीच्या परीक्षांच्या धामधुमीत उलटून जाते आणि पुढचे वर्ष घरी बसावे लागते, असे अनेकांचे होते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे आहे. त्यात किमान २० आठवड्यांचा छात्रसेवाकाल शाळेत पूर्ण करावा लागतो. वर्गातील उपस्थिती ८० टक्के आणि शाळेतील उपस्थिती ९० टक्के बंधनकारक आहे. ‘हजेरी न लावता बी.एड. करून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर त्याच्या पाठीमागे लागून पैसे व दोन वर्षे गमावू नयेत. सुरुवातीला सूक्ष्म अध्यापन असते: पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसलेले आणि त्या पाठात फक्त प्रश्न विचारण्याचे किंवा फलकलेखनाचे एकच कौशल्य दाखवायचे. नंतर शाळेतले खरे वर्ग मिळतात. आदल्या रात्री पाठ टाचण लिहून, सकाळी मार्गदर्शक प्राध्यापकांची सही घेऊन आठवीच्या साठ मुलांसमोर पाऊण तास उभे राहिले, की मायनरचा अभ्यास किती मुरला आहे ते पहिल्या दहा मिनिटांत कळते. महाविद्यालयात असताना चार क्रेडिटचे कार्यप्रशिक्षण एखाद्या शाळेत करण्यास महाविद्यालयाची परवानगी मिळत असेल, तर ती संधी सोडू नये, कारण शिकवणे आपल्याला झेपते की नाही, याचा अंदाज पाच वर्षांनी येण्यापेक्षा तिसऱ्या वर्षी आलेला बरा.

बी.एड. झाल्यावर अनुदानित शाळांतील व जिल्हा परिषदांतील भरती राज्य शासनाच्या ‘पवित्र’ या शिक्षक भरती पोर्टलमार्फत होते आणि तिच्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. २०० गुणांची ही चाचणी आतापर्यंत २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. ती दर वर्षी होत नाही, हे गृहीत धरूनच आखणी करावी. शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टी.ई.टी. ही पहिली ते आठवीसाठी आहे. तरीही माध्यमिक शाळेत पाचवी ते आठवीचे वर्गही असतात, त्यामुळे टी.ई.टी.चा दुसरा पेपर उत्तीर्ण असणाऱ्याला अधिक जागांवर अर्ज करता येतो आणि आम्ही तो प्रत्येकाला देण्यास सांगतो. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ पासून माध्यमिकसाठी हे मानधन दरमहा १८ हजार रुपये आहे. विनाअनुदानित व स्वयंअर्थसहाय्यित शाळांची भरती व वेतन हा वेगळाच विषय असून त्याबाबत आम्ही प्रत्यक्ष भेटीतच बोलतो.

अकरावी-बारावीला शिकवायचे असेल, तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतात. तेथे मायनरचा उपयोग जवळजवळ संपतो व मेजरच चालतो.

बारावीनंतर लगेचच निर्णय पक्का असेल, तर चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम हाही मार्ग आहे. त्यात पदवी आणि बी.एड. एकत्र होऊन एक वर्ष वाचते, पण त्याच्या जागा मोजक्याच संस्थांत आहेत आणि जो विद्यार्थी आधीच बी.ए. किंवा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे, त्याला तो मधूनच पकडता येत नाही. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.चा प्रस्ताव परिषदेने २०२५ च्या मसुद्यात मांडला. केवळ मसुद्याच्या भरवशावर चौथे वर्ष घ्यावे, असा सल्ला आम्ही देत नाही.

आमच्याकडे येताना

आम्ही मेजर-मायनरची जोडी तपासून देतो, सी.ई.टी.चा व प्रवेशफेरीचा अर्ज भरून देतो आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम लावण्यास मदत करतो. कोणत्याही महाविद्यालयात जागा किंवा कोणत्याही शाळेत नोकरी मिळवून देण्याची हमी आम्ही देत नाही व त्या नावाखाली पैसेही घेत नाही. शुल्क किती ते पहिल्या भेटीतच लेखी सांगितले जाते. येताना दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, आतापर्यंतच्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि महाविद्यालयाने दिलेली विषयांची यादी आणावी. सत्राच्या गुणपत्रिकेवर मायनर विषयाचे नाव व क्रेडिट स्वतंत्रपणे छापलेले आहे का, हे घरीच पाहून यावे. ते नसेल किंवा चुकीचे असेल, तर दुरुस्तीचा अर्ज त्याच सत्रात महाविद्यालयाच्या कार्यालयात देऊन त्याची पोच घ्यावी, कारण पदवी प्रमाणपत्र हाती आल्यानंतर ही दुरुस्ती विद्यापीठाकडून करून घेण्यात कित्येक महिने जातात. मायनर निश्चित करण्याची महाविद्यालयाची मुदत संपण्याच्या किमान पंधरा दिवस आधी भेटीची वेळ ठरवावी.