लालात लाल

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या काकांनी एका रविवारी स्वतःच गाडीचं बॉनेट उघडलं. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी खाली गेली होती. टाकीतला द्रव लाल होता आणि घरात पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचा उरलेला डबा होता, तेही लालच. "लालात लाल" म्हणत काकांनी पाव लिटरभर ओतून दिलं. आठवडाभर भाजी मार्केट आणि स्टेशनच्या फेऱ्या सुरळीत झाल्या. मग सहकुटुंब पुण्याला निघाले आणि बोरघाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी थंड झाल्यावर मेकॅनिकने रेडिएटरचं टोपण काढलं, तर आत गुलाब मस्तानीसारखा घट्ट, गुलाबी लगदा!

"रंग तर एकच होता रे," काका अजून म्हणतात.

पण रंगाला इथे काहीच अर्थ नाही. कूलंट मुळात रंगहीन असतं. हिरवा, निळा, गुलाबी हे रंग कंपनी वरून मिसळते, आणि कुठला रंग कशासाठी यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. रंगाचा एक उपयोग मात्र खरा: गाडीखाली गळलेलं थारोळं एसीच्या पाण्याचं नाही, हे तो सांगतो.

तेलाने नेमकं काय बिघडतं? इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा कूलंटला वाहून न्यावी लागते. एक किलो पाणी एका अंशाने तापायला सुमारे 4.2 किलोजूल उष्णता शोषतं. कूलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारा द्रव) यांचं निम्मं-निम्मं मिश्रण साधारण 3.4, तेल जेमतेम 2. म्हणजे हमालच निम्म्या ताकदीचा. त्यात वॉटर पंप तेल-पाणी असं घुसळतो, की त्याचा लगदा होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आणि जिथे लगदा नाही, तिथेही तेलाचा पातळ थर धातू आणि पाणी यांच्यात गोधडीसारखा पसरतो.

खरा खर्च मात्र रबराचा. कूलंटचे होज पाइप बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर पाणी, ग्लायकॉल, वाफ सगळं वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेलाशी त्याचं नको इतकं जमतं. दोघांचे रेणू एकाच जातकुळीचे असल्यामुळे तेल रबरात शिरतं आणि पाइप भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगून मऊ पडतो. आतला दाब अशा पाइपला पेलत नाही.

दाब कशाला, तर कुकर आठवा. समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांना उकळतं. बंद कुकरमध्ये 120 च्या आसपास. रेडिएटरचं टोपण हेच काम करतं. त्यामुळे निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साधारण 107 अंशांवरून 125 च्या पुढे जातो. (म्हणूनच गरम गाडीचं टोपण उघडू नये. दाब सुटताच आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.) काचा पुसायचं वायपरचं पाणी या टाकीत गेलं, तर त्यातल्या साबणाचा फेस होतो, आणि फेस म्हणजे बरीचशी हवा. हवा काय उष्णता वाहणार!

आता मुंबईकरांचा लाडका युक्तिवाद: "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? नळाचं पाणी चालतं." उष्णता वाहण्यापुरतं बघितलं तर ते बरोबरही आहे, साधं पाणी या कामात कूलंटपेक्षा सरस आहे. पण कूलंटचं निम्मं मोल त्यातल्या काही टक्के गंजरोधकांत असतं. इंजिनात ॲल्युमिनियम, ओतीव लोखंड, जुन्या रेडिएटरमध्ये तांबं-पितळ, हे सगळे एकाच पाण्यात बुडालेले असतात. वेगवेगळे धातू आणि त्यांना जोडणारं क्षारयुक्त पाणी म्हणजे चक्क एक बॅटरीच, आणि त्यात कमकुवत धातू झिजतो. मुंबईच्या नळाला येणारं भातसा-तानसा धरणांचं पाणी तसं मवाळ असतं. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी मात्र बहुधा जड, आणि खाडीजवळ खारटही. जड पाणी तापलं की त्यातला चुना गीझरच्या कॉइलवर बसतो तसाच इंजिनातही बसतो. मिठातलं क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा भेदून सुईएवढी भोकं पाडतं. घाटात अडकलात आणि हाताशी पिण्याची बाटलीच असेल, तर गाडी थंड झाल्यावर खुशाल ओता, पण नंतर ते काढून टाकायला विसरू नका. एरवी डिस्टिल्ड वॉटर वापरावं. दुकानात मागताना 'बॅटरीचं पाणी' एवढंच म्हणू नका. बॅटरीचं ॲसिड हाती आलं तर पंचाईत.

दोन जातींची कूलंट एकत्र करणं तेलाइतकं घातक नाही. तरी एकातली गंजरोधक सिलिकेटं आणि दुसऱ्यातली गंजरोधक सेंद्रिय आम्लं यांचं जमेलच असं नाही. कधी जेली बनते, बहुतेकदा गंजरोधकांचं आयुष्य घटतं. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घालावं.

आणि चुकीचं काही ओतलंच गेलं, तर चावी फिरवू नका. बऱ्याच गाड्यांत बाजूची टाकी नुसती साठवणीची असते. इंजिन सुरू झालेलं नसेल, तर मोठ्या सिरिंजने ती उपसून काम भागतं. काकांच्या गाडीला तीन-चारदा फ्लश करावं लागलं, आणि सगळे पाइप नवे.

राहिलं ते काढलेलं कूलंट गटारात न ओतायचं कारण. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. त्याचंच भावंड डायएथिलीन ग्लायकॉल. 1986 साली जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरॉलमध्ये ते मिसळलेलं निघालं आणि 14 रुग्ण दगावले; न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तिथेही बाटलीतल्या द्रवाकडे बघून कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं.

गॅरेजमध्ये काकांच्या गाडीतून काढलेलं गुलाबी पाणी घमेल्यात साचलं होतं आणि दारातला कुत्रा हुंगत जवळ आला होता. मेकॅनिकने आधी ते कॅनमध्ये ओतून बूच लावलं, मग हात पुसले.