शेतकऱ्याच्या घरी महामारीतही अन्न कमी पडत नाही?

‘महामारी आली तरी शेतकऱ्याला चिंता नाही, त्याच्या घरात धान्याची रास असते,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटणं स्वाभाविक आहे. पण जगातली असंख्य लहान शेतकरी कुटुंबं जेवढं अन्न विकतात, त्याहून जास्त विकत घेतात.

हिशोब करून पाहा. माणशी रोज 400 ग्रॅम धान्य धरलं, तर पाच जणांना वर्षाला 730 किलो लागतं. आता आलेल्या पिकातून बियाणं, कर्ज फेडायला सुगीतच विकलेला माल आणि किडीनं खाल्लेलं वजा करा. उरलेलं किती महिने पुरेल? नगदी पीक असेल तर घरात धान्य मुळातच नसतं. मीठ-तेल तर दुकानातूनच येतं.

महामारीचा घाव इथेच बसतो. बाजार बंद, मजुरी बंद, दूध-भाजी जागेवर नासते, हातात पैसा उरत नाही. मग ताटातून आधी डाळ, दूध, अंडी जातात. पोट भरतं, पोषण घटतं. आणि बहुतेकदा सुरुवात घरातल्या बाईच्या ताटापासून होते. हे कुठल्याच मेसेजमध्ये नसतं.

मिश्र पिकं, परसबाग आणि नीट वाळवून ठेवलेलं धान्य असलेली घरं जास्त तग धरतात. बाकीच्यांना जनावर विकावं लागतं किंवा बियाणंच शिजवावं लागतं, आणि पुढची पेरणीही अडते.