श्वेतपटल-दृढीकरण

काचबिंदूत डोळ्याच्या मागील भिंतीचा, म्हणजे श्वेतपटल या पांढऱ्या बाह्य कवचाचा, काही भाग रसायनाने ताठ करून दृक्-तंत्रिका वाचवण्याची प्रस्तावित पद्धत. ती प्रायोगिक असून रूढ उपचारांत मोडत नाही.

डोळ्यातील दाब (सामान्यतः पाऱ्याचे १० ते २१ मिमी.) वाढला की तंत्रिकेच्या तोंडाशी असलेली लॅमिना क्रिब्रोसा ही जाळी ताणली जाते आणि तिच्यातून जाणारे सुमारे १० लाख तंतू चेपतात. जाळीवरच्या या ताणावर भोवतालच्या श्वेतपटलाच्या ताठपणाचा प्रभाव मोठा असल्याचे सीगल, फ्लॅनगन व ईथियर या संशोधकांनी २००५ मध्ये संगणकीय प्रतिकृतींवरून दाखवले.

ताठपणासाठी श्वेतपटलातील कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंत आडवे बंध पाडतात : ग्लिसराल्डिहाइड, जेनिपिन किंवा लाल प्रकाशाने क्रियाशील होणारे मेथिलीन ब्लू वापरून. शंकूसारख्या पुढे आलेल्या बुबुळासाठी रूढ असलेली रायबोफ्लेविन-अतिनील पद्धत मागच्या बाजूस अडचणीची. किरण पोहोचवणे कठीण आणि दृष्टिपटलाला इजेचा धोका. जेनिपिन गार्डेनिया या वनस्पतीच्या फळापासून मिळते, मात्र ऊतक निळे पडते. विदर्भातील जंगलांत मिळणारी डिकेमाली याच प्रजातीतील असली, तरी तिचा डिंक म्हणजे जेनिपिन नव्हे. तो डोळ्यात घालू नये.

ताठ नेमके काय करायचे, यावर मतभेद आहेत. उंदरांचे श्वेतपटल ग्लिसराल्डिहाइडने ताठ केले, तेव्हा काचबिंदूची हानी उलट वाढली (२०१४). डुकराच्या डोळ्यांत फक्त तंत्रिकेभोवतीचे श्वेतपटलाचे कडे ताठ केल्यावर जाळीवरचा ताण घटला (२०१६). पण ते काढून घेतलेले डोळे होते, तंतू वाचतात की नाही हे त्यांवरून ठरत नाही. तरीही कड्यापुरते दृढीकरण अधिक सयुक्तिक वाटते. सगळी भिंत ताठ झाली, तर नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आत येणाऱ्या रक्ताला जागा मिळत नाही व दाबाचे हेलकावे वाढतात. काचबिंदूच्या डोळ्यांत आढळणारा ताठपणा कारण की परिणाम, हा वाद मिटलेला नाही. वयानेही श्वेतपटल ताठ होतेच.

ग्रामीण विदर्भात काचबिंदू पुष्कळदा मोतीबिंदूच्या शिबिरातच प्रथम लक्षात येतो. तिथे शिऑट्झचे उपकरण (वजन लावलेली दांडी बुबुळावर रुतवून डोळ्यातील दाब मोजणारे) असेल, तर भिंतीचा ताठपणा मापनात थेट डोकावतो. ५.५ ग्रॅम वजनावर काटा ४ वर थांबला की तक्त्यानुसार दाब २०.६ मिमी.; पण ताठ डोळ्यात दांडी कमी रुतते, काटा कमी सरकतो आणि दाब खोटाच जास्त दिसतो. त्याच डोळ्यावर १० ग्रॅमने मोजलेला दाब ५.५ ग्रॅमच्या दाबापेक्षा बराच जास्त आला, तर भिंत ताठ समजावी व बुबुळ किंचित सपाट करून दाब मोजणाऱ्या गोल्डमन उपकरणाने फेरमोजणी करावी. त्यात फार थोडा द्रव सरकत असल्याने ही चूक क्वचितच होते.