स्टर्कफोंटेन गुहा

दक्षिण आफ्रिकेतील आद्य मानववंशीय जीवाश्मांचे प्रसिद्ध गुहास्थळ. जोहान्सबर्गच्या वायव्येस साधारण ४०–५० किमी. अंतरावर, गाउटेंग प्रांतातील माळरानाखाली ही गुहामालिका पसरली आहे. जवळच्या स्वार्टक्रान्स आणि क्रोमड्राय या स्थळांसह १९९९ मध्ये तिचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. आपल्यापेक्षा लहान मेंदूचे, पण दोन पायांवर चालणारे ऑस्ट्रॅलोपिथेकस हे प्राणी कसे होते, याचा बराचसा पुरावा येथून मिळाला आहे.

कोल्हापूरच्या वाचकाला गुहा म्हटले की जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळे लेणी किंवा मसाई पठाराच्या कड्यातला पांडवदरा आठवतो. ही माणसाने छिन्नी-हातोड्याने बेसाल्टमध्ये कोरलेली घरे आहेत. स्टर्कफोंटेन पाण्याने कोरले. तिथला खडक सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेला डोलोमाइट, म्हणजे चुनखडकाचा मॅग्नेशियमयुक्त भाऊबंद. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन किंचित आम्लयुक्त होते, खडकाच्या भेगांतून मुरते आणि खडक विरघळवत जाते. अशा पोकळ्यांचे छत कधीतरी ढासळते आणि माळावर विहिरीसारखे तोंड उघडते. त्यातून माती, दगडगोटे, पडून मेलेली जनावरे, वाहून आलेली हाडे असे सगळे आत साचत राहते. वरून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना या ढिगाऱ्यात उतरतो आणि त्याचे नैसर्गिक काँक्रीट होते. भूशास्त्रात याला ब्रेसिया म्हणतात. हाड टिकते ते या चुन्यामुळे.

हाडे आत कशी आली, याचे एकच उत्तर नाही. काही प्राणी उघड्या तोंडातून पडले असावेत. काहींना बिबट्यांनी आणले. स्वार्टक्रान्स येथील एका अल्पवयीन पॅरॅन्थ्रोपसच्या (ऑस्ट्रॅलोपिथेकसच्या जवळच्या मानववंशीयाच्या) कवटीवर दोन भोके आहेत आणि त्यांतले अंतर बिबट्याच्या खालच्या सुळ्यांशी जुळते, हे जीवाश्मतज्ज्ञ सी. के. ब्रेन यांनी दाखवले. आद्य मानव हा क्रूर शिकारी होता, या त्या काळी लोकप्रिय असलेल्या कल्पनेला या दोन भोकांनी चांगलाच धक्का दिला. निदान या गुहांत तो शिकारी कमी आणि शिकारच जास्त होता.

गुहेचा शोध विद्येसाठी लागला नाही. १८९० च्या दशकात सोन्याच्या खाणींना आणि बांधकामाला चुना हवा होता. त्यासाठी सुरुंग लावून लवणस्तंभ फोडले गेले. किती जीवाश्म भट्टीत गेले याची गणती नाही, पण खाणकाम झाले नसते तर ते कुणाच्या नजरेसही पडले नसते. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच टाउंग येथील चुन्याच्या खाणीत एका बालकाची कवटी मिळाली. शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये तिला ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकॅनस हे नाव दिले, तेव्हा बहुतेक तज्ज्ञांनी ती वानराच्या पिल्लाची ठरवून बाजूला सारली. प्रौढ नमुना दाखवल्याखेरीज वाद मिटणार नव्हता. पेशाने डॉक्टर असलेले रॉबर्ट ब्रूम त्याच शोधात १९३६ मध्ये स्टर्कफोंटेनला आले आणि काही दिवसांतच खाणीचे व्यवस्थापक बार्लो यांनी त्यांच्या हाती मेंदूचा अश्मीभूत साचा ठेवला.

१८ एप्रिल १९४७ रोजी ब्रूम आणि जॉन रॉबिन्सन यांना जवळजवळ संपूर्ण कवटी मिळाली. ब्रूम यांनी आधी वापरलेल्या प्लेसिअँथ्रोपस या नावावरून ती ‘मिसेस प्लेस’ म्हणून ओळखली जाते. ती खरोखर स्त्रीची होती का, यावर अजून वाद आहे. सुरुंगामुळे तिचे तुकडे झाले होते. आजचा उत्खनक सुरुंगाचे नाव काढताच कानांवर हात ठेवील. मेंदूचे आकारमान सुमारे ४८५ घ. सेंमी., म्हणजे आपल्या मेंदूच्या जेमतेम एक-तृतीयांश. त्याच वर्षी मिळालेल्या कण्याच्या आणि कमरेच्या हाडांवरून मात्र हा प्राणी ताठ चालत होता हे स्पष्ट झाले. आधी मेंदू वाढला आणि मग माणूस उभा राहिला, हा समज इथे उलटला.

१९६६ पासून फिलिप टोबायस आणि ॲलन ह्यूज यांनी पद्धतशीर उत्खनन सुरू केले. पुढचा मोठा शोध मात्र खोक्यांत लागला. १९९४ मध्ये रोनाल्ड क्लार्क यांना जनावरांची म्हणून ठेवलेल्या हाडांत डाव्या पावलाची चार हाडे दिसली. नंतर त्याच सांगाड्याची आणखी हाडे साठ्यातच मिळाली. त्यांतील नडगीचे टोक ताजे तुटल्यासारखे होते, म्हणजे दुसरा भाग अजून गुहेच्या भिंतीत असणार. क्लार्क यांनी त्याचा साचा स्टीफन मोत्सुमी आणि न्क्वाने मोलेफे या सहकाऱ्यांना दिला. एवढ्या मोठ्या अंधाऱ्या दालनात हातदिव्यांच्या उजेडात शोधत त्यांनी जुलै १९९७ मध्ये दोन दिवसांत जुळणारा तुकडा हुडकला. पावलाच्या त्या हाडांवरून ‘लिटल फूट’ म्हटला जाणारा हा सांगाडा काँक्रीटसारख्या खडकातून सोडवून स्वच्छ करायला वीस वर्षे लागली, डिसेंबर २०१७ मध्ये तो लोकांसमोर आला. नव्वद टक्क्यांहून अधिक पूर्ण असलेला असा सांगाडा त्या काळातला दुसरा नाही. त्याची जाती कोणती, यावर एकमत नाही.

वयावरही नाही. पूर्व आफ्रिकेत ज्वालामुखीची राख थरांचे वय सांगते. इथे ती नाही. लिटल फूटच्या सांगाड्याभोवतीच्या कॅल्साइटवरून (ठिबकत्या पाण्यातून साचलेल्या चुन्याच्या खनिजावरून) २००६ मध्ये सुमारे २२ लाख वर्षे हे वय निघाले. पण हे कॅल्साइट नंतरच्या पोकळ्यांत साचले असल्याचे पुढे दिसून आले. जमिनीवर असताना अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे क्वार्ट्‌झमध्ये (गारेच्या खनिजात) तयार झालेले ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० हे किरणोत्सारी अणू गुहेत गाडले गेल्यावर वेगवेगळ्या गतीने घटतात. त्यांच्या प्रमाणावरून २०१५ मध्ये ३६.७ लाख वर्षे हे वय मांडले गेले. २०२२ मध्ये याच पद्धतीने मिसेस प्लेसच्या थरालाही ३४ ते ३७ लाख वर्षे दिली गेली. सर्वांना ते मान्य नाही.

असे काही कोल्हापूर जिल्ह्यात का सापडत नाही? ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने झालेल्या उत्खननातून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. टाउन हॉल संग्रहालयातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती त्याच टेकडीवरची. ती कहाणी दोन हजार वर्षांची. त्याहून फार मागे जायचे तर खडक आड येतो. जिल्ह्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, पन्हाळ्यापासून दाजीपूरपर्यंत माथ्यावर जांभा. बेसाल्ट चुनखडकासारखा विरघळत नाही. जांभ्यात नैसर्गिक गुहा होतात, आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी आहे तशी. पण सह्याद्रीच्या पावसात धुतलेली तिथली आम्लधर्मी माती हाड गिळून टाकते.

नदीकाठ वेगळे असतात. भारतातली आद्य मानवाची प्रसिद्ध कवटी गुहेत नव्हे, तर मध्य प्रदेशात हथनोरा येथे नर्मदेच्या वाळू-गोट्यांच्या थरात, १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मिळाली. कोल्हापूरच्या शेजारी, गोकाकजवळ चिकदौली येथे नदीच्या गाळात सापडलेल्या लुप्त गेंड्याचे वर्णन भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केले. घटप्रभेच्या त्याच खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारेही मिळाली आहेत, आणि आजरा-गडहिंग्लजवरून जाणारी हिरण्यकेशी घटप्रभेलाच मिळते.