विपश्यना शिबिर (इगतपुरी)

बुद्धपरंपरेतील ध्यानपद्धती शिकवणारे दहा दिवसांचे निवासी शिबिर. ‘विपस्सना’ या पाली शब्दाचा अर्थ, जे जसे आहे ते तसे पाहणे. नाशिक जिल्ह्यात, कसारा घाटाच्या माथ्यावर असलेल्या इगतपुरीतील ‘धम्मगिरी’ केंद्रात ही शिबिरे 1976 पासून भरतात. देशविदेशांतून लोक येथे येत असल्याने आध्यात्मिक पर्यटनाच्या नकाशावर इगतपुरीचे नाव ठळक आहे. मात्र येथे पाहण्यासारखे काही नसते. डोळे मिटून बसायचे असते.

येणारा माणूस बहुधा काहीतरी मागायला येतो. कुणाची झोप उडालेली असते, कुणाच्या घरात मृत्यू झालेला असतो, कुणाला नोकरी सोडावी की नाही हे ठरवायचे असते. या पद्धतीचे प्रसारक सत्यनारायण गोएंका (1924–2013) हेही असेच गेले होते. म्यानमारमधील या व्यापाऱ्याला अर्धशिशीने इतके ग्रासले होते की मॉर्फिन घ्यावे लागे. 1955 मध्ये ते तिथले विपश्यना शिकवणारे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा ‘डोकेदुखीसाठी आला असाल तर नको’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले. मनाच्या शुद्धीसाठी येणार असाल तर या, असे गुरूंचे म्हणणे होते. या पद्धतीचे मर्म या नकारात आहे. गोएंका 1969 मध्ये भारतात आले आणि मुंबईत आई-वडिलांसह मोजक्या लोकांसाठी त्यांनी पहिले शिबिर घेतले.

शिबिरात आल्यावर मोबाईल, वह्या, पुस्तके जमा करावी लागतात. पंचशील (हत्या, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि नशा टाळण्याचे पाच नियम) पाळायचे आणि नऊ दिवस ‘आर्य मौन’ राखायचे. खाणाखुणासुद्धा चालत नाहीत. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू होते. अकराला जेवण. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि थोडा खाऊ किंवा फळे. जुन्या, म्हणजे आधी शिबिर केलेल्या साधकांना लिंबूपाणी. रात्री गोएंकांचे ध्वनिमुद्रित प्रवचन.

पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवली जाते: डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जायच्या, पण प्रतिक्रिया द्यायची नाही. त्यानंतर दिवसातून तीनदा तासभर ‘अधिष्ठान’ असते. त्यात मांडी मोडायची नाही, हात उघडायचे नाहीत. गुडघा ठणकू लागतो आणि माणूस मिनिटे मोजू लागतो. शांतता शोधायला आलेल्याला इथे पहिल्यांदा भेटते ते स्वतःचे किरकिरे, हट्टी मन. ही भेट टाळता येत नाही, म्हणूनच शिबिराला सहल म्हणणे चुकीचे वाटते. तीव्र मानसिक आजार असणाऱ्यांनी शिबिराला बसू नये, असे केंद्रच सांगते. अर्ज भरताना ही माहिती लपवणे धोक्याचे आहे.

राहण्या-जेवणाचे शुल्क घेतले जात नाही. दान देता येते, पण किमान एक दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केल्यावरच. स्वयंपाक आणि व्यवस्था जुने साधक धम्मसेवक म्हणून करतात. 1994 मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात एक हजाराहून अधिक कैद्यांचे शिबिर झाले होते. मुंबईजवळ गोराई येथील विश्व विपश्यना पॅगोडा 2009 मध्ये खुला झाला. तिथे मात्र पर्यटकही मोठ्या संख्येने येतात.

दहाव्या दिवशी मंगल मैत्रीनंतर, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याच्या ध्यानानंतर, मौन सुटते. नऊ दिवस एकाच पंगतीत जेवलेली माणसे एकमेकांना प्रथमच नाव विचारतात.