गोंदाशिवाय उभा राहणारा रोबो

पेटी उघडली की आत दोन-चार चौकटी निघतात. चौकटीतल्या पातळ काड्यांना पांढरे, निळे, लाल, पिवळे भाग चिकटलेले असतात. भाग बोटाने जरा वाकवला की सुटतो. एकाची खुंटी दुसऱ्याच्या भोकात दाबली की ‘खट्’ असा बारीक आवाज येतो आणि तो सांधा पक्का होतो. तासाभरात अर्ध्या वितेहून थोडा उंच रोबो टेबलावर उभा राहतो. गोंद नाही, रंग नाही, ब्रश नाही, कात्रीसुद्धा नाही. किट कधीच न जोडलेल्या माणसाला वाटते, ही खऱ्या मॉडेलची सोपी करून दिलेली, लहान मुलांसाठीची आवृत्ती असावी. मला नेमके उलटे वाटते. या पेटीतली मेहनत कमी झालेली नाही, तिची जागा बदलली आहे. पूर्वी जोडणाऱ्याच्या हाताला जे करावे लागे ते एकेक करून पोलादी साच्यात गेले, आणि त्याला चाळीस वर्षे लागली.

प्लास्टिकच्या किटची सुरुवात विमानांपासून झाली. ब्रिटनमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग’ या नावाने १/७२ प्रमाणातली, म्हणजे मूळ विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी विमाने निघाली, ती सेल्युलोज ॲसिटेटची होती. हे प्लास्टिक काळाबरोबर वाकडे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन आले आणि चित्र पालटले. ते स्वस्त, साच्यातली बारीकातली बारीक रेघ उचलणारे, कडक आणि सहज रंगणारे होते. शिवाय ते ठरावीक द्रावकात विरघळते. मॉडेलचा ‘गोंद’ म्हणतात तो खरे तर गोंद नव्हेच. तो दोन्ही पृष्ठभाग क्षणभर वितळवतो आणि ते एकमेकांत मिसळून घट्ट होतात. म्हणजे हे एक प्रकारचे वेल्डिंगच. म्हणूनच इथे चुकीला माफी नसते. भाग उलटा चिकटला तर उलटाच राहतो आणि बोट ओले असेल तर बोटाचा ठसा प्लास्टिकवर कायमचा उमटतो. माझ्या पहिल्या किटच्या छातीवर असा एक ठसा आहे. ते किट मी अजून जपून ठेवले आहे.

गोंदाची आणखी एक अडचण होती. १९६०च्या दशकात अमेरिकेत मुले नशेसाठी मॉडेलचा गोंद हुंगू लागली आणि त्यावर मोठी ओरड झाली. गोंदात मोहरीच्या तेलातला झोंबणारा घटक मिसळण्यापर्यंत गोष्ट गेली. ऑरोरा कंपनीने १९७१ पासून आणलेले प्रागैतिहासिक प्राण्यांचे किट दाबून बसवायचे होते, आणि त्याच दशकात मोनोग्रामने ‘स्नॅप टाइट’ नावाची मालिका काढली. तेव्हा गोंद टाळण्याची कल्पना जपानची नाही. मात्र या अमेरिकी किटमध्ये स्नॅप-फिट, म्हणजे दाबून बसणारी जोडणी, ही नवशिक्यांची वेगळी रांग होती. गंभीर छंदिष्ट त्या रांगेकडे फिरकत नसत. ही दरी पुढे रोबोंनी बुजवली.

जपानमध्ये मारुसान कंपनीने १९५८ च्या अखेरीस नॉटिलस पाणबुडीचे किट काढले. देशातले पहिले प्लास्टिक किट म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. ‘प्लामोडेल’ हा शब्दही मारुसानचाच. पुढे तो इतका रुळला की कुठल्याही कंपनीच्या किटला लोक तेच म्हणू लागले. १९६० मध्ये इमाई कंपनीने ‘तेत्सुजिन २८’ या चित्रकथेतल्या लोखंडी रोबोचे किट आणले. विमान, जहाज, रणगाडा अशा खऱ्या वस्तूंच्या पंक्तीत पहिल्यांदाच एक काल्पनिक पात्र येऊन बसले.

इथे शिझुओका या गावाबद्दल थोडे सांगायला हवे. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी ही जपानी मॉडेलविश्वातली मोठी नावे एकाच परिसरातली आहेत. तिथे लाकूडकामाची परंपरा जुनी. तामिया तर युद्धानंतर लाकडाचा व्यापार करत होती, मग लाकडी मॉडेल करू लागली आणि १९६० मध्ये प्लास्टिककडे वळली. लाकडात सांधा नीट बसवण्याची जी नजर होती ती साच्याच्या कामात उतरली असे मानायला मला आवडते. पण कारण साधेही असू शकते. जिथे एक साचेवाला असतो, तिथे दुसरा येतो. इमाईचा कारखाना शेजारच्या शिमिझूत होता. १९६९ मध्ये इमाई डबघाईला आली तेव्हा तिचे साचे आणि तो कारखाना बांडाईने घेतला. टोकियोतली खेळण्यांची कंपनी अशा वाटेने मॉडेलच्या धंद्यात शिरली.

त्यानंतरचे दशक बांडाईने चाचपडत काढले. दूरचित्रवाणी मालिकेतल्या यामातो या अंतराळ-युद्धनौकेचे तिचे पहिले किट चावी देऊन चाकांवर पळणारे होते, म्हणजे मॉडेलपेक्षा खेळणेच अधिक. पण मालिकेचे चाहते वयाने मोठे होत होते. त्यांना पळणारे जहाज नको होते, पडद्यावर दिसते तसे जहाज हवे होते. कल्पनेतली वस्तूही खऱ्या युद्धनौकेइतक्याच निष्ठेने घडवली तर लोक विकत घेतात, हा धडा बांडाईला यामातोने दिला.

७ एप्रिल १९७९ रोजी ‘मोबाईल सूट गंडम’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, यंत्रांचे आरेखन कुनिओ ओकावारा यांचे. यातला रोबो कुठला अजिंक्य वीर नव्हता. तो युद्धसामग्री होता. त्याला क्रमांक होता, त्याचा इंधनाचा आणि दुरुस्तीचा प्रश्न होता, शत्रूकडेही तसेच रोबो शेकड्यांनी होते. प्रायोजक क्लोव्हर ही खेळण्यांची कंपनी. तिने लहान मुलांसाठी धातूची खेळणी काढली, आणि मालिका पाहणारा वर्ग बराचसा शाळेच्या वरच्या इयत्तांतला आणि कॉलेजचा. खेळणी खपेनात, प्रेक्षकांचे आकडेही वाढेनात. ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांवर, जानेवारी १९८० मध्ये आटोपली.

ती बंद पडली आणि मग लोकांनी ती डोक्यावर घेतली. पुनर्प्रक्षेपण झाले, १९८१ आणि १९८२ मध्ये तिचे संकलित चित्रपट आले. आणि मालिका बंद पडणे व चित्रपट येणे यांच्या मधल्या काळात, जुलै १९८० मध्ये, बांडाईने १/१४४ प्रमाणातला गंडम बाजारात आणला. किंमत ३०० येन. शाळकरी मुलाला खाऊच्या पैशांतून घेता यावी अशी. १/१४४ हे प्रमाण विमानांच्या किटमध्ये आधीपासून होतेच. कथेतला गंडम १८ मीटर उंच, म्हणून मॉडेल साडेबारा सेंटिमीटर. काल्पनिक रोबोला पेटीवर असे प्रमाण छापून मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यामुळे शत्रूचा रोबो शेजारी ठेवला की दोघांची उंची कथेतल्यासारखीच जुळत असे.

‘गंडम’ आणि ‘प्लामोडेल’ मिळून ‘गनप्ला’ हा शब्द झाला आणि दुकानांबाहेर रांगा लागू लागल्या. जानेवारी १९८२ मध्ये चिबा प्रांतातल्या एका मोठ्या दुकानात किट मिळवण्यासाठी धावलेली मुले सरकत्या जिन्यावर एकमेकांवर कोसळली आणि जखमी झाली. वेड त्या थराला गेले होते.

पण ते किट आज हातात घेतले तर आजचा नवशिका गोंधळून जाईल. भाग गोंदाने चिकटवायचे, मधली फट घासून भरायची, रंग बहुतेक आपणच द्यायचे. गुडघे जेमतेम वाकायचे. पेटीवरच्या चित्रातला रोबो उडी घेत असे आणि टेबलावरचा ताठ उभा असे. हे अंतर भरून काढायला मुले स्वतः सांधे कापत, मेण आणि पुट्टी वापरून पाय लांब करत. मासिके त्याच्या कृती छापत. माझ्या मते पुढच्या सगळ्या सुधारणांची यादी या मुलांनीच तेव्हा करून ठेवली होती. कंपनीला ती फक्त वाचायची होती.

त्याच सुमारास टोमी कंपनीने वेगळ्याच बाजूने हा प्रश्न सोडवला. १९८२ पासून आलेल्या, पुढे ‘झॉइड्स’ नावाने गाजलेल्या तिच्या यांत्रिक प्राण्यांच्या किटना गोंद लागत नसे. भाग खुंट्यांवर बसवायचे, वरून रबराच्या छोट्या टोप्या लावायच्या आणि आतल्या चावीच्या यंत्रावर प्राणी चालायला लागायचा. गोंदाशिवाय जोडलेला काल्पनिक रोबो पुरेसा मजबूत असतो हे झॉइड्सनी चालून दाखवले. गनप्लाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख फारसा होत नाही, तो व्हायला हवा.

गनप्लात बदल टप्प्याटप्प्याने आले. पहिला प्रश्न सांध्यांचा. पॉलिस्टायरीन पॉलिस्टायरीनवर घासले की झिजते आणि हात लोंबायला लागतो. त्यावर उत्तर म्हणून सांध्याच्या आत पॉलिथिलीनची मऊ, गुळगुळीत वाटी आली. तिला पॉलीकॅप म्हणतात. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मालिकांमधले रोबो विमानात रूपांतरित होऊ लागले होते, तेव्हा असे सांधे नसते तर ती किट निघालीच नसती. दुसरा प्रश्न रंगांचा. बांडाईने एकाच चौकटीत निरनिराळ्या रंगांचे प्लास्टिक सोडण्याची यंत्रे विकसित केली, त्यामुळे न रंगवताही रोबो रंगीत दिसू लागला. तिसरा प्रश्न गोंदाचा, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तोही सुटू लागला.

दाबून बसणारी खुंटी दिसायला क्षुल्लक वाटते. खरा कस तिथेच लागतो. खुंटी भोकापेक्षा केसभर जाड हवी, फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा. जास्त जाड झाली तर भोकाची कड तडकते, बारीक राहिली तर हात गळून पडतो. त्यात वितळलेले पॉलिस्टायरीन थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आक्रसते, आणि भाग कुठे जाड कुठे पातळ असल्यामुळे सगळीकडे सारखे आक्रसत नाही. साचेकाराला हे आधीच धरून चालावे लागते. शिवाय प्लास्टिकमधली खुंटी म्हणजे साच्यातले भोक. पोलाद खरवडून भोक मोठे करता येते, लहान करणे फार कठीण. म्हणून आधी खुंटी मुद्दाम थोडी बारीक ठेवायची, नमुना काढून जोडून पाहायचा आणि मग साचा कणाकणाने खरवडत ती ‘खट्’ आवाजापर्यंत आणायची. जोडणारा जो आवाज क्षणभर ऐकतो, त्यामागे हे खरवडणे असते.

मार्च १९९० मध्ये, गनप्लाच्या दशकपूर्तीला, बांडाईने ‘हाय ग्रेड’ ही मालिका सुरू केली. पहिला मान अर्थातच मूळ गंडमचा, पुन्हा १/१४४, किंमत १००० येन. रंगीत चौकट, पॉलीकॅपचे सांधे आणि गोंदाशिवाय जोडणी हे सगळे एका पेटीत आले. अमेरिकी किटमध्ये स्नॅप-फिट खालच्या पायरीवर होते. इथे ते ‘उच्च प्रतीचे’ म्हणून आले, आणि मला हाच या सगळ्या इतिहासातला कळीचा क्षण वाटतो. १९९५ मध्ये १/१०० प्रमाणातला ‘मास्टर ग्रेड’ आला, १९९८ मध्ये १/६० चा ‘परफेक्ट ग्रेड’. शेकडो भागांची ही किटेही दाबूनच जोडायची होती. २०१० च्या ‘रिअल ग्रेड’मध्ये तर आतला सांगाडा साच्यातून बाहेर पडतानाच हलत्या सांध्यांसकट तयार असे. मधल्या काळात, २००६ मध्ये, शिझुओकात बांडाईचे नवे हॉबी सेंटर उभे राहिले. आरेखन, साचे आणि उत्पादन तिथे एकाच छपराखाली होते.

एवढे झाल्यावर नवशिक्याचे काय, हा प्रश्न उरतोच. कसबी लोकांसाठी किट जसजशी गुंतागुंतीची झाली तसतशी पहिली पायरी उंच होत गेली. १९९९ मध्ये बांडाईने ‘फर्स्ट ग्रेड’ काढून पाहिला. किंमत पुन्हा ३०० येन आणि बांधा चांगला, पण रंग देणे परत जोडणाऱ्याच्या माथी आले. खरे उत्तर सापडले २०२० मध्ये, गनप्लाच्या चाळिसाव्या वर्षी, ‘एंट्री ग्रेड’च्या रूपाने. किंमत कर सोडून ७०० येन. भाग काडीला जिथे जोडलेला असतो त्या टाक्याला ‘गेट’ म्हणतात. एरवी तो निपरने कापून, चाकूने साफ करावा लागतो. इथे तो इतका बारीक आणि अशा कोनात ठेवला की बोटाने सुटावा आणि खूणही फारशी दिसू नये. स्टिकर नाहीत. डोळ्यांचा पिवळा रंगसुद्धा वेगळ्या भागातून येतो. दोन भागांमधली फट कवचाच्या कडेला लपवलेली आहे. १९८० मधल्या मुलाला घासून, भरून, रंगवून जे करावे लागे, ते सगळे साच्याने आधीच केलेले असते. याच आराखड्यावर विकत घेणारा पुढे रंगकामही करू शकतो, आणि जुने कसबी लोक ते आवडीने करतात.

जोडून झाल्यावर हातात रिकामी चौकट उरते. किटच्या पेटीतले बरेचसे प्लास्टिक या काड्यांतच असते, आणि कोट्यवधी पेट्यांच्या हिशेबात ते थोडे नव्हे. जपानमध्ये २०२१ पासून या रिकाम्या चौकटी गोळा करण्यासाठी गेम पार्लरमध्ये पेट्या ठेवल्या जातात. वेगवेगळ्या रंगांचे प्लास्टिक एकत्र वितळले की काळपट होते, म्हणून त्यातून निघणारी नवी किटे काळी असतात. रंगीत रोबोच्या शेजारी तो काळा रोबो ठेवला की खुंट्या त्याच, सांधे तेच आणि दाबल्यावर येणारा आवाजही तोच.