मिझोरम शांतता करार

भारत सरकार आणि मिझो नॅशनल फ्रंट (एमएनएफ) यांच्यात ३० जून १९८६ रोजी नवी दिल्लीत झालेला करार. ‘मेमोरँडम ऑफ सेटलमेंट’ हे त्याचे अधिकृत नाव. भारतातून फुटून निघण्यासाठी १९६६ पासून चाललेला सशस्त्र लढा या कराराने संपला, मिझोरमला घटक राज्याचा दर्जा मिळाला आणि तेथील जमीन व रूढीविषयक कायद्यांना संविधानात खास संरक्षण मिळाले. ईशान्य भारतात आजवर झालेल्या करारांपैकी सर्वांत टिकाऊ म्हणून तो ओळखला जातो.

संघर्षाचे मूळ सांगताना मिझो माणूस बांबूपासून सुरुवात करतो. या डोंगरांतील मुख्य जातीच्या बांबूला सुमारे ४८ वर्षांनी एकदाच फुलोरा येतो. त्याची फळे खाऊन उंदरांची संख्या बेसुमार वाढते आणि फळे संपली की हे उंदीर भाताच्या शेतांत व कणग्यांत शिरतात. या दुष्काळाला मिझो भाषेत ‘मौताम’ म्हणतात. १९५८-५९ च्या मौतामची आगाऊ सूचना स्थानिक स्वायत्त जिल्हा परिषदेने दिलेली असूनही आसाम सरकारने ती गांभीर्याने घेतली नाही. मिझो टेकड्या तेव्हा आसाममधील एक जिल्हा होत्या. मदतकार्यासाठी उभ्या राहिलेल्या मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट या संघटनेच्या नावातील ‘फॅमिन’ हा शब्द ऑक्टोबर १९६१ मध्ये गळाला आणि ती राजकीय पक्ष झाली. पूर्वी भारतीय लष्करात हवालदार असलेले आणि पुढे जिल्हा परिषदेत लेखनिकाचे काम केलेले लालडेंगा हे तिचे अध्यक्ष होते. १९६० च्या आसाम राजभाषा कायद्याने असंतोषात भर घातली. मात्र उंदरांनी खाल्लेल्या धान्याची दखल वेळेत घेतली गेली असती, तर केवळ भाषेच्या प्रश्नावर बंदुका उचलल्या गेल्या असत्या का, याबद्दल शंकाच आहे.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री एमएनएफच्या तुकड्यांनी ऐझॉल, लुंगलेई आणि इतर ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले केले आणि दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य जाहीर केले. २ मार्च रोजी जिल्हा अशांत क्षेत्र ठरवून सशस्त्र दले (विशेष अधिकार) कायदा लागू झाला. ५ मार्च रोजी भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी ऐझॉलवर गोळीबार केला व नंतर आग लावणारे बॉम्ब टाकले. दॉरपुई वेंग, छिंगा वेंग अशा वस्त्या (वेंग म्हणजे मोहल्ला) जळून गेल्या आणि लोक आसपासच्या जंगलात पळाले. स्वतंत्र भारताने आपल्याच नागरिकांच्या वस्तीवर हवाई हल्ला केल्याचा हा एकमेव प्रसंग मानला जातो. विमाने रसद टाकण्यासाठी गेली होती, असा सरकारी खुलासा तेव्हा प्रसिद्ध झाला. स्टॅन्ली निकोल्स रॉय आणि हूवर हिन्न्यूटा या खासी आमदारांनी स्वतः तेथे जाऊन पाहणी केली व आसाम विधानसभेत प्रश्न लावून धरला. त्या वेळी संरक्षण खाते यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गृहमंत्री झाले, हे मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात नसते.

हवाई हल्ला काही दिवसांत संपला, पण मिझो समाजाच्या आठवणीत त्याहून खोल रुतलेली गोष्ट म्हणजे ‘खॉखॉम’, अर्थात गावांचे सक्तीचे एकत्रीकरण. बंडखोरांना गावकऱ्यांकडून अन्न व आसरा मिळू नये यासाठी जानेवारी १९६७ पासून रस्त्यालगत ‘संरक्षित व प्रगतिशील गावे’ वसवण्यात आली. मलायातील (आजच्या मलेशियातील) बंडाविरुद्ध ब्रिटिशांनी वापरलेल्या धोरणाचा हा नमुना होता. जिल्ह्यातील ७६४ गावांपैकी ५१६ गावे रिकामी करून तेथील लोकांना ११० केंद्रांत कोंबण्यात आले. जागेवर राहिलेली गावे केवळ १३८. मागे राहिलेली घरे आणि धान्याची कोठारे जाळून टाकली जात. दारझो या गावाबद्दल एका लष्करी अधिकाऱ्याने पुढे सांगितलेली हकीकत बोलकी आहे. गावकऱ्यांनी स्वतःच्या हाताने घरे पेटवण्यास नकार दिला, तेव्हा ते काम सैनिकांना करावे लागले. त्यानंतर, बंडखोरांच्या जाचामुळे आम्ही आपणहून गाव सोडले आणि जाळले, अशा मजकुरावर बंदुकीच्या धाकाने गावप्रमुखांच्या सह्या घेण्यात आल्या. केंद्रांभोवती कुंपण असे, हजेरी घेतली जाई, अंधार पडल्यावर बाहेर पडण्यास बंदी असे आणि शेतावर जायचे तर पास लागे. झूम पद्धतीची फिरती शेती गावापासून दूर डोंगरउतारावर असते. दिवस मावळण्याआधी परतायचे बंधन आले की ती शेती संपल्यातच जमा असते. १९७० मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने स्थगिती दिल्यावर पुढील एकत्रीकरण थांबले. या सगळ्या कालखंडाला मिझो लोक ‘रामबुआई’, म्हणजे बिघडलेल्या देशाचा काळ, असे म्हणतात.

संवादाची वाट प्रथम दिल्लीने किंवा एमएनएफने नव्हे, तर मधल्या लोकांनी उघडली. प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट चर्चच्या धर्मोपदेशकांनी हिंसेचा उघड निषेध केला आणि दोन्ही बाजूंकडे ये-जा सुरू ठेवली. समाज जवळजवळ पूर्णपणे ख्रिस्ती असल्यामुळे आणि भूमिगत कार्यकर्तेही त्याच चर्चचे सदस्य असल्यामुळे त्यांना टाळणे कोणालाच सोपे नव्हते. दुसरा धागा मानवी हक्कांचा होता. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले ब्रिगेडियर थेनफुंगा सायलो यांनी १९७४ मध्ये मानवी हक्क समिती स्थापन केली आणि लष्कराकडून झालेल्या अत्याचारांची निवेदने थेट पंतप्रधानांपर्यंत पोहोचवली. तक्रार करणारा माणूस स्वतः त्या सैन्याचा ब्रिगेडियर राहिलेला होता, त्यामुळे त्याला देशद्रोही म्हणून झटकून टाकता येईना. याच कामातून त्यांचा पीपल्स कॉन्फरन्स हा पक्ष जन्मला आणि सायलो पुढे मुख्यमंत्री झाले. बंदुकीशिवायही गाऱ्हाणे मांडता येते, हे त्यामुळे सामान्य मिझो माणसाला प्रथमच दिसले. मिझो टेकड्यांना २१ जानेवारी १९७२ रोजी केंद्रशासित प्रदेशाचा दर्जा मिळाला होता, हेही या बदलाला पोषक ठरले.

१९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तान नाहीसा झाल्यावर चितगाव टेकड्यांतील एमएनएफचे तळ गेले. लालडेंगा पाकिस्तानमार्गे युरोपात पोहोचले आणि तेथून त्यांनी भारत सरकारशी संपर्क साधला. १ जुलै १९७६ रोजी दिल्लीत झालेल्या पहिल्या समझोत्यात मिझोरम भारताचा अविभाज्य भाग असल्याचे एमएनएफने मान्य केले. तो समझोता अमलात आला नाही. पुढची दहा वर्षे बोलणी सुरू होणे, फिसकटणे, लालडेंगांना अटक, खटला मागे घेणे, १९८० ची युद्धबंदी, जानेवारी १९८२ मध्ये एमएनएफवर पुन्हा बंदी असे चालले. नंतर सर्व पंथांच्या चर्चनी एकत्र येऊन तगादा लावला. १९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसचे लालथनहौला यांनी शांततेसाठी मुख्यमंत्रिपदाची खुर्ची सोडण्याचे वचन देऊन बहुमत मिळवले. लालडेंगा ऑक्टोबर १९८४ च्या अखेरीस लंडनहून दिल्लीत आले. पंतप्रधान इंदिरा गांधींशी त्यांची भेट ३१ ऑक्टोबरला ठरली होती आणि त्याच सकाळी इंदिराजींची हत्या झाली. फेब्रुवारी १९८५ मध्ये राजीव गांधींनी धागा पुन्हा हाती घेतला. आरंभी ज्येष्ठ मुत्सद्दी जी. पार्थसारथी आणि नंतर केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांनी वाटाघाटी केल्या. प्रधान हे मुंबई-महाराष्ट्राच्या प्रशासकीय सेवेतील मराठी अधिकारी. दिल्लीत यशवंतरावांचे खासगी सचिव म्हणून त्यांनी काम केले होते, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतरच्या चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. ३० जून हा त्यांच्या निवृत्तीचा दिवस होता. दुपारपर्यंत अडलेल्या मुद्द्यांवर त्याच दिवशी तोडगा निघाला आणि रात्री लालडेंगा, प्रधान व मिझोरमचे मुख्य सचिव लालखामा यांच्या सह्या झाल्या.

एमएनएफने शस्त्रे खाली ठेवायची, आपल्या घटनेतील फुटून निघण्याचे कलम काढायचे आणि त्रिपुरा व मणिपूरमधील सशस्त्र संघटनांना मदत थांबवायची, असे एका बाजूने ठरले. दुसऱ्या बाजूने केंद्राने घटक राज्याचा दर्जा व भूमिगतांचे पुनर्वसन मान्य केले. सर्वांत महत्त्वाची तरतूद ५३ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-जी म्हणून संविधानात आली. मिझोंच्या धार्मिक व सामाजिक चालीरीती, रूढीविषयक कायदा व त्यानुसार होणारा न्यायनिवाडा, आणि जमिनीची मालकी व हस्तांतरण या विषयांवरील संसदेचा कोणताही कायदा मिझोरम विधानसभेने ठराव केल्याशिवाय तेथे लागू होत नाही. स्वातंत्र्याच्या मागणीत मिझो माणसाला नेमके काय हवे होते याचे उत्तर बहुधा याच कलमात आहे: ध्वज किंवा दूतावास यांपेक्षा जमीन परक्यांच्या हाती जाणार नाही याची हमी. नागालँडसाठीच्या अनुच्छेद ३७१-ए मध्ये ‘जमीन व तिच्यातील संसाधने’ असे शब्द आहेत, मिझोरमच्या कलमात केवळ ‘जमीन’ आहे. हा एका शब्दाचा फरक खनिजांच्या प्रश्नात निर्णायक ठरतो. कलम निव्वळ शोभेचे राहिलेले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये वनसंरक्षण कायद्यातील दुरुस्तीला विरोध करणारा ठराव विधानसभेने एकमताने केला, तो याच्याच आधारे.

लालथनहौला यांनी वचन पाळले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये लालडेंगा मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोरम देशाचे २३ वे राज्य झाले, आणि त्याच महिन्यातील निवडणुकीत ४० पैकी २४ जागा एमएनएफने जिंकल्या. पक्षांतरामुळे १९८८ मध्ये हे सरकार कोसळले. तरीही लालडेंगा किंवा त्यांचे सहकारी जंगलात परतले नाहीत, आणि कराराची खरी परीक्षा त्या क्षणी झाली असे म्हणता येईल. लालडेंगांचे १९९० मध्ये निधन झाले. त्यांचे भूमिगत जीवनातील सहकारी झोरामथांगा पुढे मतपेटीतून तीनदा मुख्यमंत्री झाले. नागा प्रश्नावर १९७५ चा शिलाँग करार फूट पाडून गेला, तसे येथे झाले नाही. एमएनएफ वाटाघाटींच्या काळात मतभेद असूनही एकसंध राहिली होती आणि सही करणाऱ्या नेत्याचा शब्द जंगलातही चालत होता.

मानवी हक्कांच्या बाबतीत करार मात्र अर्धाच आहे. मृतांच्या वारसांना सानुग्रह रक्कम आणि पिके व घरे यांच्या नुकसानीची भरपाई यांचा त्यात उल्लेख आहे. बॉम्बफेक, जाळलेली गावे, सक्तीच्या सह्या यांची चौकशी करण्याची किंवा जबाबदारी ठरवण्याची कोणतीही तजवीज नाही. एमएनएफने संशयित खबऱ्यांना ठार मारले होते, त्याबद्दलही करार गप्प आहे. दोन्ही पक्षांनी एकमेकांचा हिशेब न मागण्यावर शांतता उभी राहिली. ३० जून हा दिवस ‘रेम्ना नी’, म्हणजे शांतता दिन, म्हणून पाळला जातो, आणि ५ मार्चला ऐझॉलमध्ये बॉम्बफेकीचेही स्मरण होते.

स्वायत्ततेचा लाभ राज्यातील प्रत्येक समूहाला सारखा झाला नाही. अल्पसंख्याकांचे हक्क अबाधित राहतील असे करारात नमूद होते, आणि लाई, मारा व चकमा यांच्या १९७२ पासूनच्या स्वायत्त जिल्हा परिषदा कायम राहिल्या. मात्र हमार लोकांनी १९८६ मध्येच स्वतंत्र परिषदेसाठी संघटना उभारली आणि तो झगडा १९९४ व २०१८ अशा दोन करारांपर्यंत चालला. ब्रू (रिआंग) समाजाने १९९० च्या दशकात स्वायत्त परिषदेची मागणी केली, तेव्हा तिला मिझो संघटनांनी कडाडून विरोध केला. १९९७ च्या हिंसाचारानंतर हजारो ब्रू कुटुंबे उत्तर त्रिपुरातील छावण्यांत गेली. त्यांना मिझोरममध्ये परत आणण्याचे प्रयत्न वारंवार फसल्यावर जानेवारी २०२० मध्ये केंद्र, त्रिपुरा, मिझोरम आणि ब्रू प्रतिनिधी यांच्यात करार होऊन सुमारे ३४ हजार जणांना त्रिपुरातच कायमचे वसवण्याचे ठरले.